लोकांच्या गाडीचं आख्यान

गुरुनाथबुवांनी गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं ते चांगलं वीतभर, चारही घरांत टिंबं देऊन, एकही रेघ न वाकवता. पांढरीशुभ्र, कोरी करकरीत गोल्फ. तिच्यावर तो लाल रंग असा काही उठून दिसला, की बुवा दोन पावलं मागे सरकले आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

"आजोबा, इज दॅट अलाउड?" चाकाखाली लिंबू सरकवत दहा वर्षांच्या स्वरांगीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर यायचं ते नावनच्या शाळेतल्या इंग्रजीत.

"देवाच्या कामाला कुणाची परवानगी लागते गं? नंबर बघ की. एमएच! अख्ख्या आयर्लंडात आपल्याच गाडीवर महाराष्ट्र लिहून पाठवलंय पांडुरंगानं."

"दॅट्स मीथ, आजोबा. सगळ्यांच्या कारवर आहे," स्वरांगी म्हणाली, आणि शेवटचे तीन शब्द आजोबांसाठी मराठीत टाकल्याबद्दल शाबासकीची वाट बघत उभी राहिली. नावन हे मीथ परगण्याचं गाव, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या गाड्या एमएचच्याच होत्या. बुवांना ते पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. पण मिरजेच्या माणसाला परदेशात असा आनंद सुखासुखी सोडवत नाही.

बुवांचा मुलगा केदार नावनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. सून रुचा ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात, लहान मुलांची डॉक्टर. त्या शनिवारी रुचा ड्यूटीवर होती आणि केदार नारळ फोडायला काही जड वस्तू मिळते का ते बघायला घरात गेला होता. तेवढ्यात शेजारचं दार उघडून हालिनाबाई बाहेर आल्या. पोलंडच्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. वीस वर्षांपूर्वी मुलामागून इथं आल्या. मुलगा पुढे कॅनडाला गेला, त्या इथंच राहिल्या. रुचा सकाळी सातला घर सोडे. तेव्हापासून स्वरांगी हालिनाबाईंची. डबा, शाळा, शाळेनंतरचं सूप, गुडघ्यावरची पट्टी, सगळं. चार वर्षं हेच चाललं होतं.

नव्या गाडीचं अभिनंदन करायला त्या चीजकेक घेऊन आल्या होत्या. हसत, ताटली दोन्ही हातांत धरून फाटकापर्यंत आल्या आणि त्यांची नजर बॉनेटवर गेली.

बुवांनी हात जोडले. "वेलकम, वेलकम!"

बाईंचा चेहरा रागावल्यासारखा झाला नाही, घाबरल्यासारखाही नाही. दिवा काढून घेतलेल्या खोलीसारखा झाला. त्या वळल्या, ताटली तशीच धरून घरात गेल्या, आणि दार लागलं.

"शी डिडंट गिव्ह अस द केक," स्वरांगी हळूच म्हणाली.

केदार हातोडी घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला. "बाबा! हे काय काढलंत?"

"काय म्हणजे? स्वस्तिक. तुझ्या पहिल्या सायकलवर मीच काढलं होतं."

"ती सायकल मिरजेत होती हो! ही जर्मन गाडी आहे. त्यावर हे चिन्ह, आणि शेजारी पोलिश बाई. देवा रे." त्यानं पाण्याचा पाइप ओढला आणि धो धो पाणी सोडलं. कुंकू ओघळत दिव्यांवरून खाली आलं. बुवा हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन बघत राहिले. केदार काय म्हणतोय ते त्यांना कळत होतं. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, तिरक्या काळ्या स्वस्तिकाची चित्रं त्यांनी काही कमी पाहिली नव्हती. पण हे आणि ते कधी एकमेकांशेजारी त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आपल्या उंबऱ्यावरचं चिन्ह ते आपलं, आणि ते दुसरं कुणाचं तरी, पुस्तकातलं.

संध्याकाळी रुचा आली ती फोन हातात धरूनच. हालिनाबाईंचा निरोप होता: सोमवारपासून स्वरांगीला सांभाळणं मला जमणार नाही. क्षमस्व.

रुचा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. कोट काढायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. "दुसरीकडे सप्टेंबरपर्यंत जागा नाहीये. मी चौकशी केली. केदारच्या ड्यूट्या अशा, तुम्ही तीन आठवड्यांनी जाणार. म्हणजे मला ही पोस्ट सोडावी लागेल, बाबा. दोन वर्षं वाट बघून मिळालीय ती."

"मी जाऊन सांगतो त्यांना, आपल्याकडे ते किती शुभ..."

"ते मी सांगून आलो," केदार म्हणाला. "त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, डोक्याला सगळं कळतं, केदार. पण ते चिन्ह आणि ती गाडी एकत्र बघितली आणि पाय हललेच नाहीत. त्यांच्या आईला सोळाव्या वर्षी घरातून धरून नेलं होतं, जर्मनीतल्या कारखान्यात राबायला. कुठल्या ते त्यांनाही नीट माहीत नाही. आई बोलायचीच नाही त्याबद्दल."

स्वरांगी जिन्यात बसून सगळं ऐकत होती.

आता यातली खरी गंमत, किंवा खरी पंचाईत म्हणा, अशी की पुढच्या आठवड्याच्या रविवारी बुवांचं कीर्तन ठरलेलं होतं. नावनमधल्या चर्चच्या सभागृहात, मराठी मंडळाच्या चाळीस-पन्नास माणसांसमोर. आणि उत्तररंगाला बुवांनी आख्यान लावलं होतं ते याच गाडीच्या कारखान्याचं! मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार फोनवर आधी हसले होते, मग म्हणाले होते, "बुवा, होऊन जाऊ दे. इथं निम्मे लोक आयटीतले आहेत, यंत्राचं आख्यान त्यांना देवाइतकंच आवडेल."

बुवांच्या डोक्यात ही गाडी फार जुनी. ते सात वर्षांचे असताना मिरजेजवळच्या एका मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे एक बीटल होती, निळी, कासवाच्या पाठीची. गल्लीत गाडी थांबली की पोरं गोळा व्हायची. एकदा बाईंनी पुढचं झाकण उचललं तर आत जादा चाक आणि पेरूंची टोपली. इंजिन नाहीच! पोरांनी बोंब ठोकली, बाईंचं इंजिन चोरीला गेलं. बाईंनी मागे नेऊन दुसरं झाकण उघडून दाखवलं तेव्हा गुरुनाथाला वाटलं, ज्या माणसानं इंजिन मागे ठेवून गाडी पुढे पळवली त्याच्या बुद्धीला नमस्कार करायला पाहिजे. तो नमस्कार साठ वर्षं राहून गेला होता. आता मुलानं त्याच घराण्यातली गाडी नोंदवली, म्हणून बुवा आठवडाभर स्वरांगीबरोबर लायब्ररीतली पुस्तकं वाचत होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते परत कागद घेऊन बसले. स्वरांगी शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "यू स्किप्ड द सेकंड चॅप्टर, आजोबा."

"होय. ते युद्धाचं होतं. आनंदाच्या कीर्तनात कशाला?"

"बट दॅट्स हालिनाज मम."

बुवांनी चष्मा काढला. कीर्तन शिकताना त्यांच्या गुरूंनी त्यांना एक शिस्त घालून दिली होती: राजाचं आख्यान लावलंस तर राजाची चूकही सांगायची. चूक गाळलीस तर तो राजा राहत नाही, बाहुला होतो, आणि ऐकणाऱ्यालाही आपल्या चुकीचं काय करायचं ते उमगत नाही. किती राजांच्या चुका बुवांनी घसा फोडून गायल्या होत्या! आणि या कारखान्याचं तेवढं पान उलटलं होतं, कारण गाडी आपल्या दारात उभी होती.

तो सोमवार रुचानं रजा टाकून काढला. मंगळवारी केदारनं ड्यूटी बदलून घेतली. बुधवारी बुवा एकटेच शेजारी गेले. हातात काही नेलं नाही. गोड नेऊन गोड बोलावं असा हा प्रसंग नव्हता.

हालिनाबाईंनी दार उघडलं, आत बोलावलं, चहा टाकला. चहात लिंबू. बुवांनी तो निमूट प्यायला. मग आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मी समजावून सांगायला आलो नाही. ते केदारनं सांगितलं. मी विचारायला आलोय."

"काय?"

"रविवारी मी त्या गाडीची कथा सांगणार आहे. गाऊन. आमच्याकडे तशी रीत आहे, प्रवचन असतं, पण गायचं असतं."

"चर्चमध्ये पाद्रीबाबा गातात तसं?"

"त्यापेक्षा जास्त नाचतो मी."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि पुन्हा थांबलं. "आणि तुम्ही त्या गाडीची स्तुती करणार."

"करणार," बुवा म्हणाले. खोटं बोलून इथून उठायचं नाही, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं. "मला ती आवडते. लहानपणापासून आवडते. पण मला तिचं वाईटही सांगायचंय. तुमच्या आईबद्दल बोललो तर चालेल का?"

"माझी आई तुमच्या कार्यक्रमासाठी नाही." बाईंनी कप बशीत ठेवला. आवाज चढला नव्हता, पण कप वाजला.

"बरं," बुवा म्हणाले. "मग नाही बोलणार."

ते उठले. दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून आवाज आला. "आईच्या कोटावर एक अक्षर शिवलेलं होतं. पी. पोलंडचा पी. ते काढलं की शिक्षा. युद्ध संपल्यावर तिनं ते उसवलं, पण कोट फेकला नाही. तोच घालून घरी आली. चालत." बाईंनी टेबलावरचे कप उचलले. "सांगायचं तर तिचं नाव घेऊन सांगा. नुसतं बिचारी, बिचारी करून नको. आणि दोन्ही सांगा. नाहीतर काहीच सांगू नका."

"नाव?"

"स्तानिस्वावा."

बुवांनी तिथंच उभ्या उभ्या ते नाव सहा-सात वेळा म्हणून बघितलं, जणू नवा राग बसवतायत. बाईंनी दोनदा दुरुस्त केलं. मग ते निघाले. सोमवारी काय, स्वरांगीचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

केदारला हे पसंत पडलं नाही. "बाबा, देवाचं एखादं सोपं आख्यान लावा ना. लोक मुलंबाळं घेऊन येतात. कशाला उकरून काढायचं?"

"तुला पेशंटला भूल द्यायची सवय," बुवा म्हणाले. "माझं काम लोकांना जागं ठेवायचं."

"आणि रुचाच्या नोकरीचं काय?"

बुवा देवासमोर जाऊन बसले.

ठरलेल्या रविवारी सभागृह भरलं. येशूच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर विठोबा, समोर चादरी. हार्मोनियमवर पद्मिनी, वॉटरफोर्डहून दोन तास गाडी चालवत आलेली. तबल्यावर रणजित, पुण्याचा, एका टेक कंपनीतला. पूर्वरंगात बुवांनी नामाचं निरूपण केलं, आवाज तापला. मध्यंतरात नंदकुमारांनी त्यांना बुक्का लावला, सुपरमार्केटातल्या फुलांचा हार घातला. हार गळ्यात पडताना बुवांनी दाराकडे पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर, अंगातला कोट न काढता, हालिनाबाई बसल्या होत्या. स्वरांगी कधीच त्यांच्या शेजारी जाऊन चिकटली होती, आणि त्यांच्या कानाला लागून चाललेलं सगळं इंग्रजीत सांगत होती.

बुवांनी झांजा उचलल्या.

"मंडळी, त्या कंपनीच्या नावाचा अर्थच मुळी लोकांची गाडी! शेटजीची नव्हे, सरदाराची नव्हे. आणि युद्ध संपलं तेव्हा या लोकांच्या गाडीची दशा काय? कारखान्यावर बॉम्ब पडलेले, छपरातून पाणी गळतंय. ताबा ब्रिटिशांकडे. तिथं एक मेजर आला. वरचे म्हणाले, मोडीत काढा. या मेजरानं काय केलं? ढिगाऱ्यातनं एक गाडी काढली, हिरवा रंग फासला आणि साहेबांच्या दारात नेऊन उभी केली. साहेब म्हणाले, अरे, चालते की! द्या ऑर्डर. विलायतेतले मोटारवाले मात्र नाक मुरडून म्हणाले, असली कुरूप, आवाज करणारी गाडी कोण घेणार?" बुवांनी नाक असं मुरडलं की पुढची पोरं खिदळली. "कोण घेणार! दोन कोटींच्या वर खपली हो ती कुरूप गाडी. आणि जर्मनीच्या बाहेर ती सगळ्यात पहिल्यांदा जुळली कुठं? लंडनला? पॅरिसला?"

"डब्लिन!" मागून स्वरांगी ओरडली.

"डब्लिनला! पन्नास साली. खोक्यांतनं सुटे भाग आले आणि इथल्या पोरांनी ते जोडले." आणि बुवांनी स्वतः रचलेली ओवी उचलली:

खोक्यांत बांधुनी आली, डब्लिनात जोडली गेली,
कासवाच्या पाठीवाली, लोकांची गाडी गं।

रणजितनं तबल्यावर असा ठेका धरला की आयटीतली मंडळीसुद्धा टाळ्या द्यायला लागली. बुवा नाचले, गिरकी घेतली, हार उडाला. आणि ऐन रंगात त्यांनी झांज हातानं दाबून आवाज बंद केला.

"आता मी तुम्हाला उलटी गोष्ट सांगतो. हा कारखाना बांधला कुणी? हुकूमशहानं. लोकांकडून आठवड्याला पैसे घेतले, तुम्हाला गाडी देतो म्हणून. गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध आलं, आणि तिथं लष्कराच्या गाड्या बनायला लागल्या. बनवायला माणसं कुठली? धरून आणलेली. पोलंडची, रशियाची, फ्रान्सची, कैदी, पोरीबाळी."

नंदकुमार पुढे झुकून कुजबुजले, "बुवा, छान चाललं होतं की हो."

"छान चाललंय अजून," बुवा म्हणाले, माइकसकट. "अशाच कुठल्याशा कारखान्यात एक मुलगी होती. सोळा वर्षांची. तिच्या कोटावर एक अक्षर शिवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला कळावं, ही माणूस नाही, ही अमुक देशाचा माल. युद्ध सरलं. तिनं दोरा उसवला, अक्षर काढलं, आणि तोच कोट अंगात घालून ती चालत घरी गेली. मंडळी, आपण देवाचं नाव घ्यायला जमलो. आज माझ्याबरोबर तिचंही घ्या. तिचं नाव स्तानिस्वावा."

त्यांनी ते गायलं. जास्त सजवलं नाही. एक स्वर धरला आणि त्यावर नाव ठेवलं. पद्मिनीनं पेटीवर तोच स्वर दाबून ठेवला. आधी दोन-तीन जणांनी म्हटलं, मग सगळ्यांनी. चाळीस-पन्नास मराठी गळे, चुकतमाकत, एका पोलिश पोरीचं नाव घेत होते. केदार भिंतीला टेकून उभा होता. तोही म्हणत होता.

"मग बुवा, गाडीला नमस्कार करायचा की नाही, असं तुम्ही विचाराल," बुवांनी घसा साफ केला. "मी करतो. का? त्या कंपनीनं पुढं स्वतःच्याच कपाटाच्या किल्ल्या इतिहासकारांच्या हातात दिल्या. बघा म्हणाली, काय केलंय आम्ही. कारखान्याच्या आवारात त्या माणसांच्या नावानं दगड बसवला, बॉम्बपासून लपायच्या भुयारात त्यांच्या आठवणी मांडल्या. उशीर केला, फार उशीर. शहाणपण आलं म्हणता म्हणता परत दहा वर्षांपूर्वी धुराच्या चाचणीत लबाडी केली आणि पकडली गेली. पण गाडी? गाडी अशी बनवते, की सात वर्षांच्या पोराला साठ वर्षं विसरू देत नाही. मी हात जोडतो ते दोन्ही बघून जोडतो. बोला..."

जयघोष झाला, आरती झाली. लोक पाया पडायला रांगेत आले. सगळ्यात शेवटी हालिनाबाई. त्या पाया पडल्या नाहीत. बुवांनीच हात जोडले.

"तुमचं 'स्वा' अजून चुकतं," त्या म्हणाल्या. डोळे लाल होते. "तो दगड खरंच आहे?"

"आहे. मी फोटो पाहिला."

"नावं आहेत त्यावर?"

"नाही. सगळ्यांसाठी एकच दगड."

बाईंनी मान हलवली. "मग आज तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा एक नाव जास्त झालं." मग त्यांनी रुचाकडे पाहिलं. "सोमवारी साडेसहाला आण तिला. आणि रबरी बूट पाठव. शाळेमागे चिखल आहे, गेल्या आठवड्यात कुणी बघितलं नाही वाटतं तिच्या बुटांकडे."

रुचा रडायलाच लागली. बाईंनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा कडकच.

बाहेर रिपरिप सुरू होती. केदारनं गाडी दारासमोर आणली, उतरून मागचं दार उघडलं. "हालिना, या, सोडतो. भिजाल."

बाईंनी त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. बॉनेटवर काही नव्हतं, फक्त पाण्याचे थेंब.

"नको," त्या म्हणाल्या. "अजून नको. ख्रिसमसला विचार." त्यांनी डोक्यावर टोपी ओढली आणि फुटपाथला लागल्या.

"थांबा, आय'म वॉकिंग!" म्हणत स्वरांगी धावली आणि त्यांच्या बाजूला जाऊन चालायला लागली. रुचानं छत्री उघडली आणि तीही मागोमाग निघाली.

बुवा गाडीत बसले. दार ओढलं. ते असं मऊ, भरीव आवाज करून लागलं की त्यांनी ते उघडून पुन्हा एकदा लावलं.

"बाबा, तुम्ही नाही चालत?" केदारनं विचारलं.

"दीड तास नाचलोय मी. आणि मला आवडते ही," बुवा म्हणाले. "हळू घे. त्यांच्या मागंच राहा, दिवे लावून. पुढं जाऊ नकोस."